‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ : संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,
महाराष्ट्रातील शिक्षण संस्था, पतसंस्था आणि सहकारी संस्था

विषय : सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची मुदत सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका शिक्षण संस्थेत सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. १९९९ साली पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवरून पहिल्यांदा लिनक्स (विंडोजसारखी, मशीन चालवणारी मूळ प्रणाली) बसवलं, तेव्हापासून हेच काम करतो आहे. संस्थेची चार महाविद्यालयं, दोन हायस्कुलं आणि वसतिगृह यांचे प्रवेश, फी, निकाल, दाखले, हजेरी हे सगळं ज्या दोन मशीनवर चालतं, ती कार्यालयामागच्या एका खोलीत आहेत. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. संचालक मंडळातलं कुणी त्या खोलीत आल्याचं मला आठवत नाही. ही तक्रार नाही. विजेचा मीटर बघायलाही कुणी जात नाही, आणि जायची गरजही नसते.

पण पंचवीस वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की शेवटी हे पत्र लिहायला बसलो. सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदलायला हवं, थोडा खर्च आहे, दोन दिवस बंद ठेवावं लागेल, असं सांगितलं की समोरून उत्तर येतं, ‘चालतंय ना? मग हात कशाला लावता?’ माझ्या ओळखीचे जे लोक पतसंस्थांत, साखर कारखान्यांत, छोट्या दवाखान्यांत हेच काम करतात, त्यांनाही हेच वाक्य ऐकावं लागतं. तेव्हा हे पत्र एकट्या माझ्या संस्थेला नाही, आपणा सर्वांना आहे.

३० जून २०२४ हा रविवार होता. त्या दिवशी सेंटओएस ७ नावाच्या लिनक्सची मुदत संपली. आमचे दोन्ही सर्व्हर त्यावरच चालत होते. मुदत संपली म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. सोमवारी सकाळी फी भरायची खिडकी उघडली, पावत्या निघाल्या, कुणाला काही कळलंही नाही. मी मात्र सवयीने अपडेटची कमांड दिली आणि स्क्रीनवर आलं की अपडेटची यादी देणारा पत्ताच सापडत नाही. ती यंत्रणा पलीकडून बंद झाली होती. जुनी पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, नुसती जपून ठेवलेली एक वखार आहे, तिथून ती आणता येतात, पण त्यांत नवीन काही भरलं जात नाही. म्हणजे त्या तारखेनंतर सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्याला आत शिरू देणारं एखादं भगदाड सापडलं, तर ते बुजवून देणारं कुणी राहिलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला सर्व्हर आदल्या दिवशीसारखाच दिसत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. ही तारीख अचानक आलेली नव्हती. सेंटओएस ७ हे २०१४ च्या जुलैमध्ये आलं, आणि ३० जून २०२४ ही तारीख तेव्हापासूनच जाहीर होती. दहा वर्षं आधी. आपल्या कुठल्याही सभेची नोटीस इतकी आधी निघत नाही. मी २०२२ पासून तीन वेळा लेखी टिपणं दिली. ती ‘आयत्या वेळचे विषय’ यात गेली, आणि आयत्या वेळच्या विषयांचं सभेत काय होतं ते आपण जाणताच; तोवर चहा आलेला असतो.

हे लिहिताना मी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. सगळ्या तारखा इतक्या पक्क्या नसतात. सेंटओएस ८ हे सप्टेंबर २०१९ मध्ये आलं आणि ते २०२९ पर्यंत चालेल असा सगळ्यांचा हिशेब होता. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. आठ वर्षांचा वायदा एका वर्षावर आला. रेड हॅट या कंपनीने पैसे घेऊन द्यायच्या लिनक्सची तंतोतंत फुकट प्रत म्हणजे सेंटओएस. ती करणारी मंडळी २०१४ मध्ये रेड हॅटच्याच छत्राखाली गेली, २०१९ मध्ये रेड हॅटला आयबीएमने विकत घेतलं, आणि पुढच्याच वर्षी हा निर्णय आला. ज्यांनी आधीच ८ वर उडी मारली होती त्यांची फार ओढाताण झाली. मी त्या दिवाळीत ८ ची तयारी करत होतो; महिनाभर उशीर झाला म्हणून वाचलो. हे शहाणपण नव्हतं, नशीब होतं.

त्यानंतर जे झालं ते आपण समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते सहकारात वाढलेल्या माणसांना लगेच कळण्यासारखं आहे. सेंटओएसच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक, ग्रेगरी कर्ट्झर, यांनी त्या घोषणेनंतर लगेच नवीन प्रत करायला घेतली आणि तिला आपल्या दिवंगत सहकाऱ्याचं, रॉकी मॅगॉ यांचं नाव दिलं : रॉकी लिनक्स. दुसरीकडे क्लाउडलिनक्स या कंपनीने अल्मालिनक्स सुरू केलं आणि त्याचा कारभार एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे सोपवला. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत दोन्ही तयार होती. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या सोर्स कोडची, म्हणजे ज्यावरून प्रत करता येते त्या मूळ मजकुराची, उघडी वाट बंद केली, तेव्हा पुन्हा अस्वस्थता पसरली. अल्माने स्पष्ट सांगितलं की आम्ही यापुढे हुबेहूब नक्कल करणार नाही, पण जो प्रोग्राम तिकडे चालतो तो आमच्याकडेही चालेल असं बघू. मला ते मोकळेपणाचं बोलणं पटलं आणि मी अल्मा निवडलं. रॉकीही चांगलंच आहे, माझे दोन मित्र तेच वापरतात. सांगायचं इतकंच, की सॉफ्टवेअर निवडताना किंमत बघण्याच्या आधी त्याच्या मागे कोण उभं आहे आणि किती वर्षं उभं राहणार आहे हे बघावं लागतं. कोटेशनच्या तक्त्यात हा रकाना कधी नसतो.

आम्हाला मंजुरी मिळाली ती जुलैमध्ये, मुदत उलटून गेल्यावर. काम दिवाळीच्या सुट्टीत केलं. सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ९, म्हणजे मधला एक टप्पा वगळून थेट. आहे त्याच मशीनवर टप्प्याटप्प्याने वर चढवणारी साधनं आहेत. मी ती लॅबमधून बाद केलेल्या एका डेस्कटॉपवर करून बघितली आणि शेवटी कोऱ्या मशीनवर सगळं नव्याने मांडायचं ठरवलं. दहा वर्षांचं घर आवरताना माळ्यावरचं सामान तसंच नव्या माळ्यावर टाकण्यात अर्थ नव्हता.

‘अपडेट’ हा शब्द ऐकला की आपल्याला मोबाईलवरचं बटण आठवतं. दाबलं, गोल फिरलं, झालं. सर्व्हरवर तसं होत नाही, ते का, हे दोन-तीन गोष्टींतून सांगतो.

पहिली गोष्ट फायरवॉलची. कुठल्या मशीनला आत येऊ द्यायचं आणि कुणाला दारातच अडवायचं याचे नियम मी बारा वर्षं एकेक करून लिहीत आलो होतो. एकशे चाळीस ओळी होत्या. नवीन लिनक्समध्ये ते नियम लिहायची पद्धतच बदलली. जुनी आयपीटेबल्सची भाषा गेली, एनएफटेबल्सची आली. भाषांतर करून देणारी कमांड आहे, पण मी ती न वापरता प्रत्येक ओळ वाचत बसलो. एका ओळीपुढे मीच शेरा लिहिला होता, ‘ग्रंथालय, २०१३, तात्पुरतं’. ते ग्रंथालय दुसऱ्या इमारतीत जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या तात्पुरत्या दारातून अजूनही कुणीही आत येऊ शकलं असतं. एक ओळ अशा प्रिंटरसाठी होती जो भंगारात गेला होता. एकशे चाळीसपैकी साठ ओळी मी काढून टाकल्या. चालतंय ते चालू देण्याच्या नादात साठ उघड्या खिडक्या तशाच राहिल्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक मी स्वतःच्या हाताने उघडलेली होती.

दुसरी गोष्ट नावांची. ही मी कधी विसरणार नाही.

आमचं दाखल्यांचं सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्राम लिहायच्या भाषेच्या ५.४ आवृत्तीवर लिहिलेलं होतं. ते लिहून देणारी फर्म केव्हाच बंद झाली. डेटाबेसशी बोलायची त्यातली जी पद्धत होती ती पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ सालीच काढून टाकलेली आहे, त्यामुळे तो प्रोग्राम नव्या सर्व्हरवर उघडलाच नसता. एका ओळखीच्या मुलाकडून महिनाभरात तेवढा भाग बदलून घेतला. डेटा जुन्यावरून काढला, नव्यावर चढवला. आकडे जुळले. सत्तावीस हजार विद्यार्थी तिकडे, सत्तावीस हजार इकडे. मी कार्यालयातल्या भाऊसाहेबांना म्हटलं, एक दाखला काढून बघा. त्यांनी काढला. जन्मतारीख बरोबर, रजिस्टर नंबर बरोबर, तुकडी बरोबर. नावाच्या जागी कुठल्या तरी परदेशी लिपीतल्या टिकल्या आणि टोप्या घातलेल्या अक्षरांची रांग.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, ‘सर, ही मुलगी कोण म्हणायची?’

झालं होतं ते असं. देवनागरीचं एकेक अक्षर आता जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन बाइटमध्ये साठवलं जातं. आमच्या जुन्या प्रोग्रामने डेटाबेसला सांगितलं होतं की मी तुला युरोपातली अक्षरं पाठवतो आहे, आणि पाठवत होता मराठी. डेटाबेसने ते तीन बाइट तीन वेगवेगळी युरोपीय अक्षरं समजून ठेवून दिले. वाचताना तोच उलटा घोळ व्हायचा, आणि दोन्ही बाजूंना एकच चूक असल्यामुळे पडद्यावर नाव मात्र शुद्ध मराठीत दिसायचं. बारा वर्षं ती दोन चुकांची जोडी एकमेकींना सांभाळत होती. नव्या सर्व्हरवर एक बाजू खरं बोलू लागली आणि सत्तावीस हजार नावं एका क्षणात गेली.

नावं हरवलेली नव्हती, बाइट जागेवर होते. जुन्या चुकीच्या समजुतीनेच डेटा बाहेर काढायचा, मधल्या फाइलवरची पाटी बदलायची आणि खऱ्या समजुतीने पुन्हा आत घ्यायचा, हा त्यावरचा उपाय. पण त्यातही मधली काही वर्षं दुसऱ्याच एका छोट्या प्रोग्राममधून नोंदी झाल्या होत्या आणि त्या आधीपासून बरोबर होत्या. सरसकट उपाय केला असता तर त्या बिघडल्या असत्या. तीन दिवस भाऊसाहेब आणि मी समोरासमोर बसून होतो. ते जाडजूड जनरल रजिस्टर उघडून नाव वाचायचे, मी पडद्यावर बघायचो. ज्ञानेश्वर, कृष्णात, शर्मिष्ठा, जोडाक्षरवाली नावं मुद्दाम घेतली. बाहेर फटाके वाजत होते, त्यांच्या घरून दोनदा फोन येऊन गेला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावात एक काना चुकला तर पुढे जातीच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत त्या मुलाला काय काय सोसावं लागतं हे भाऊसाहेबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते उठले नाहीत. त्यांच्या त्या तीन दिवसांची नोंद कुठल्या इतिवृत्तात नाही. निदान या पत्रात असावी.

हेच काम सहा महिने आधी, चाचणीच्या मशीनवर, सवडीने करता आलं असतं. तेव्हा सवड मागितली होती.

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि ती लपवून हे पत्र लिहिणं बरोबर नाही. रात्रीचा बॅकअप घेणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी फार पूर्वी पायथन या भाषेत लिहिली होती. पायथनची जुनी दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० लाच निवृत्त झाली. अल्मा ९ वर ती नाही, आणि आमच्याकडे जसं बसवलं होतं तसं नुसतं ‘पायथन’ असं म्हटलं तर त्या नावाची कमांडच नव्हती, ‘पायथन ३’ असं म्हणावं लागत होतं. बाकीच्या स्क्रिप्ट मी बदलल्या, ही एक राहिली. रोज रात्री दीड वाजता वेळापत्रकाप्रमाणे हाक मारली जायची, कुणी ओ द्यायचं नाही, आणि ‘अशी कमांड सापडत नाही’ असा निरोप मी कधीच न उघडणाऱ्या एका पेटीत जाऊन पडायचा. अकरा दिवस बॅकअप झाला नाही. अकराव्या दिवशी मी डिस्कवर किती जागा उरली ते बघताना लक्षात आलं की जागा कमीच होत नाहीये. त्या अकरा दिवसांत डिस्क गेली असती तर प्रथम सत्राचे सगळे अंतर्गत गुण गेले असते. त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता बॅकअप झाला की नाही हे सांगणारा निरोप रोज सकाळी सात वाजता माझ्या आणि उपप्राचार्यांच्या अशा दोन्ही फोनवर येतो, आणि महिन्यातून एकदा मी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष परत चढवून बघतो. हे मी आधीपासून करायला हवं होतं. पण आपण हेही बघावं की एका माणसाच्या नजरेवर सगळं सोडलं की त्या नजरेतून एखादी ओळ सुटतेच.

चौथीही एक सांगतो, छोटीशी आहे. पहिल्या मजल्यावरचा आमचा नेटवर्क स्विच, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणारी पेटी, तेरा वर्षांचा आहे. नव्या सर्व्हरने त्याच्याशी बोलायलाच नकार दिला, कारण तो स्विच ओळख पटवण्यासाठी एसएचए-१ ही जुनी पद्धत वापरतो आणि ती आता भरवशाची राहिलेली नाही. एक कमांड अशी आहे की ती दिली की सगळा सर्व्हर जुन्या, ढिल्या नियमांवर येतो आणि असे सगळे प्रश्न मिटतात. मी ती एका संध्याकाळी दिली. घरी गेलो, रात्री झोप लागेना, सकाळी जाऊन मागे घेतली. एका स्विचसाठी सगळ्या इमारतीच्या दारांचे कोयंडे काढून ठेवायचे, हे मला जमलं नाही. त्या स्विचपुरती सूट देता येते, ती दिली, आणि नवीन स्विचचा प्रस्ताव दिला. तो अजून टेबलावर आहे.

हे सगळं सांगताना बदलाविषयी माझं मन काही पहिल्यापासून मोठं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. २०१४ मध्ये सेंटओएस ७ आलं तेव्हा सेवा चालू-बंद करायची सगळी रीतच सिस्टमडी या नव्या व्यवस्थेने बदलली. नेटवर्क कार्डाला आयुष्यभर ‘ईटीएच शून्य’ म्हणत आलो, त्याचं नाव बदलून काहीतरी लांबलचक झालं. ‘आयएफकॉन्फिग’ ही नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड बोटं आपोआप टाइप करायची, ती कमांडच मिळेना. पंधरा वर्षांची बोटांची सवय मोडायला वर्ष गेलं आणि ते वर्ष मी रागात काढलं. आज मात्र म्हणतो की त्यातलं बरंचसं चांगल्यासाठी होतं. पूर्वी बिघाड शोधायला सात ठिकाणच्या लॉग फाइल, म्हणजे मशीनच्या घडामोडींच्या नोंदी, उघडाव्या लागायच्या, आता एका कमांडने वेळेनुसार सगळं समोर येतं. त्या अकरा दिवसांचा माग मला पाच मिनिटांत लागला तो त्यामुळेच. नवं शिकायला मी तयार आहे, माझ्यासारखे सगळेच तयार असतात. शिकायला एक मशीन आणि थोडे दिवस लागतात.

सभेत हमखास निघणारा एक आक्षेप आहे, त्याला उत्तर देतो. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभर विंडोजची मशीन निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. दुसऱ्याच दिवशी मला ते फोटो पाठवून विचारणा झाली, ‘बघा, अपडेट केलं की हे असं होतं, आणि तुम्ही मागे लागलाय.’ प्रश्न रास्त आहे. पण त्या दिवसापासून शिकायचं ते हे, की अपडेट आधी एका बाजूच्या मशीनवर करून बघावं, चार दिवस चालू द्यावं आणि मग मुख्य सर्व्हरवर घ्यावं. अपडेटच नको, असा अर्थ त्यातून काढला तर तो उलटा होईल. आणि चाचणीचं मशीन मागितलं की त्यावर ‘दोन सर्व्हर आहेत की’ असं उत्तर येतं.

आणखी एक, कारण मला फक्त माझ्या बाजूचंच सांगायचं नाही. सेंटओएस ७ ची मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ ला, सर्व्हरवर दुरून काम करायच्या ओपनएसएसएच या प्रोग्राममधलं एक गंभीर भगदाड जाहीर झालं. गंमत वाटेल, पण आमचा जुना सर्व्हर त्यातून सुटला, कारण त्याच्यातली आवृत्ती इतकी जुनी होती की तो दोष तिच्यात शिरलाच नव्हता. सापडलं ते माझं चाचणीचं अल्मा ९. नवीन म्हणजे निर्दोष, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. फरक इतकाच होता की अल्माची दुरुस्ती लगेच आली, एक कमांड दिली आणि विषय संपला. हाच दोष जुन्यात निघाला असता तर मी हात जोडून बसलो असतो.

आता पैशाचं. आपल्या ताळेबंदात सर्व्हरच्या पेटीवर दरवर्षी घसारा धरला जातो. पेटी जुनी होते हे लेखापरीक्षकाला मान्य आहे. तिच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं होतं याची नोंद कुठेच होत नाही, कारण ते फुकट आलं होतं आणि ज्याची पावती नाही त्याचं वयही नाही. लिनक्स फुकट मिळतं ही फार मोठी गोष्ट आहे, ते करणाऱ्या हजारो अनोळखी माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. पण ते बदलण्याचं काम फुकट होत नाही. त्याला माणसाचे दिवस लागतात, चाचणीचं मशीन लागतं, कधी जुना प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्याची फी लागते. आणि कधी पेटीच बदलावी लागते : मे २०२५ मध्ये आलेलं रेड हॅटचं दहावं लिनक्स साधारण २०१३ पूर्वीच्या प्रोसेसरवर चालतच नाही. अल्मा जुन्यांसाठी वेगळी आवृत्ती देतं, पण ती सोय आहे, तिच्यावर विसंबून दहा वर्षांचं नियोजन करू नये.

म्हणून माझी विनंती आहे की संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात, इमारत दुरुस्ती आणि रंगकाम यांच्या शेजारी, ‘सॉफ्टवेअर स्थलांतर’ असं एक स्वतंत्र शीर्ष असावं आणि त्यात दरवर्षी थोडी रक्कम बाजूला पडावी, ज्या वर्षी काही करायचं नसेल त्या वर्षीसुद्धा. मार्चच्या सभेत ॲडमिनने एक पानी तक्ता ठेवावा : कुठलं सॉफ्टवेअर, कधी संपतं, त्यावर काय काय चालतं. त्यात विंडोजही यावं. विंडोज सर्व्हर २०१२ ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ ला संपली आहे, तरीही ते चालवणाऱ्या पतसंस्था मला माहीत आहेत, तिथे ठेवी लोकांच्या आहेत. सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७ ला संपते, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. हा तक्ता आयत्या वेळच्या विषयात नको, मूळ विषयपत्रिकेत हवा, सूचक-अनुमोदकासह.

सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्यांशी करार करताना दोन ओळी घालून घ्या. डेटा कुठल्या पद्धतीने साठवला आहे याची माहिती लेखी मिळेल, आणि खालची प्रणाली बदलली तर प्रोग्राम तिच्यावर आणून देण्याचा दर आजच ठरलेला असेल. आमच्या त्या जुन्या करारात या दोन ओळी असत्या तर सत्तावीस हजार नावांची गोष्ट मला सांगावी लागली नसती.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांची आठवणही करून देतो. सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची. हे कागद सहीसाठी आपल्यासमोर येतात आणि सही होते. मुदत संपलेल्या सर्व्हरवर बसून अशा कागदावर खाली नाव लिहिताना माझा हात थांबतो. आपलाही थांबावा.

आणि सुट्टीच्या दिवशी सर्व्हर बंद ठेवायची परवानगी मागितली की ती द्या. आठ दिवस आधी नोटीस लावली तर पालक समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. आमचे दोन्ही सर्व्हर आता अल्मालिनक्स ९ वर आहेत. त्याची मुदत ३१ मे २०३२ ला संपेल. मी जून २०३१ मध्ये निवृत्त होतो आहे. म्हणजे पुढचं स्थलांतर मी करणार नाही. कुठली ओळ कशासाठी लिहिली, मधल्या वर्षांतल्या नोंदी वेगळ्या का आहेत, पहिल्या मजल्यावरच्या स्विचला सूट का आहे, हे मी जमेल तितकं लिहून ठेवलं आहे, पण त्या वहीवरून काम करणारं माणूस संस्थेत नाही. २०३० साली जाहिरात काढू नका. आमच्याच संगणकशास्त्र विभागातून दरवर्षी हुशार मुलं-मुली बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी धरतात. त्यांतल्या एकीला किंवा एकाला या वर्षीच नेमा आणि माझ्या शेजारी बसवा. खोलीत दुसऱ्या खुर्चीला जागा आहे, मी मोजून बघितली आहे.

आपला विश्वासू,
एका शिक्षण संस्थेचा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर